सल्ला सदर : रिमोट ॲक्सेसचे काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवावे का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : "आमच्या कंपनीत सुमारे 200 कर्मचारी आहेत आणि आयटी विभागात आम्ही दोघेच. घरून किंवा प्रवासातून काम करणारे लोक व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित जोडणीतून, आत येतात. व्हीपीएनचे उपकरण आता जुने झाले असून पुढच्या वर्षी त्याचा निर्माता पॅच (दोष दुरुस्त करणारे सॉफ्टवेअर) देणे थांबवणार आहे. एका सेवा पुरवठादाराने नवी यंत्रणा, देखभाल, चोवीस तास देखरेख आणि हेल्पडेस्क असे सगळे काम दरमहा माणशी ठरावीक शुल्कात घेण्याचा प्रस्ताव दिला आहे. संचालकांना तो पसंत आहे. माझे मन मात्र धजत नाही. कंपनीत शिरण्याची वाटच परक्याच्या हाती देतो आहोत, असे वाटते. आमची यंत्रे पुरवणाऱ्या कंपन्यांचे तंत्रज्ञही दुरुस्तीसाठी याच वाटेने येतात. काय करावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमची धास्ती रास्त आहे आणि संचालकांचे म्हणणेही चुकीचे नाही. माझे मत आधीच सांगतो : प्रस्ताव स्वीकारा, पण तो आहे तसा स्वीकारू नका. यंत्रणा चालवणे, पॅच लावणे आणि रात्री-अपरात्री तिच्यावर लक्ष ठेवणे ही कामे खुशाल बाहेर द्या. आत कोणी यावे, कुठपर्यंत यावे आणि कोणाला या क्षणी बाहेर काढावे, हे ठरवण्याचा अधिकार, तो बजावण्याची सोय आणि त्याच्या नोंदी मात्र तुमच्या कंपनीतच राहिल्या पाहिजेत. राखणदार पगारी ठेवता येतो, पण कोणाला आत घ्यायचे हे त्याला घरच्यांनीच सांगायचे असते. ही विभागणी करारात लिहून द्यायला पुरवठादार तयार नसेल, तर त्याचे दर कितीही आकर्षक असले तरी त्याला नकार द्या.

सगळे काम स्वतःकडेच ठेवा, असे मी का म्हणत नाही, ते आधी स्पष्ट करतो. आठवड्यात 168 तास असतात. एक माणूस आठवड्याला 40 तास काम करतो असे धरले, तर एका खुर्चीवर सतत कोणीतरी बसलेले असण्यासाठी चारहून अधिक माणसे लागतात, आणि रजा व आजारपणे धरली तर पाच. तुम्ही दोघे आहात आणि व्हीपीएनखेरीज तुमच्यामागे सर्व्हर, प्रिंटर, नव्या लोकांचे लॅपटॉप, बॅकअप अशी डझनभर कामे आहेत. व्हीपीएनचे उपकरण तर सदैव इंटरनेटच्या तोंडावर उभे असते. पल्स सिक्युअर या कंपनीच्या व्हीपीएनमधील एका गंभीर दोषावर एप्रिल 2019 मध्ये पॅच आला होता. तो वेळेवर न लावलेल्या कंपन्यांवर पुढे अनेक महिने हल्ले होत राहिले. त्या दोषाचा फायदा घेऊन लॉगिन न करताच उपकरणात साठवलेले पासवर्ड वाचता येत होते, त्यामुळे ज्यांनी नंतर पॅच लावला पण पासवर्ड बदलले नाहीत त्यांच्याकडेही चोर पुन्हा शिरले. जानेवारी 2024 च्या अखेरीस अमेरिकेच्या सिसा या सायबर सुरक्षा संस्थेने तिथल्या संघराज्य सरकारच्या कार्यालयांना इव्हांटी या कंपनीची व्हीपीएन उपकरणे 48 तासांच्या आत नेटवर्कपासून तोडण्याचा आदेश दिला होता. असा निरोप तुमच्याकडे येईल तेव्हा तुमच्यापैकी एक रजेवर आणि दुसरा झोपेत असेल, तर त्या 48 तासांतले किती तास तुमच्या हाती उरतील, याचा प्रामाणिकपणे विचार करा.

यंत्रणा स्वतःच्या ताब्यात आहे एवढ्याने ती सुरक्षित ठरत नाही. मे 2021 मध्ये अमेरिकेतील कोलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीवर खंडणीखोरांचा हल्ला झाला; चोर आत शिरले होते ते एका जुन्या, वापरात नसलेल्या व्हीपीएन खात्यातून. त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी कोणतीही पडताळणी नव्हती. पाइपलाइन काही दिवस बंद ठेवावी लागली आणि सुमारे 44 लाख डॉलरची खंडणी दिली गेली. ते खाते ज्या दिवशी निरुपयोगी झाले, त्या दिवशी बंद करणे हे पाच मिनिटांचे काम होते.

आता दुसरी बाजू. पुरवठादार एकाच नियंत्रण-पडद्यावरून शेकडो ग्राहकांचा कारभार पाहतो, म्हणूनच त्याला तुमच्यापेक्षा स्वस्तात काम करता येते आणि म्हणूनच चोरांच्या दृष्टीने तो तुमच्यापेक्षा कितीतरी मोठे सावज असतो. 2 जुलै 2021 रोजी केसेया या कंपनीच्या दूरस्थ व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून खंडणीखोरांनी आधी सेवा पुरवठादारांना आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या ग्राहकांना गाठले. बाधित व्यवसायांची संख्या दीड हजारांच्या घरात गेली. स्वीडनमधल्या कोऑप या दुकानांच्या साखळीला शेकडो दुकाने बंद ठेवावी लागली, आणि केसेयाची ती थेट ग्राहकही नव्हती. तिच्या गल्ल्यांची यंत्रणा सांभाळणाऱ्या पुरवठादारामार्फत ती या हल्ल्यात ओढली गेली. म्हणून पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न हा, की तुमची माणसे आमच्या यंत्रणेत कशी शिरतात. प्रत्येक तंत्रज्ञाचे स्वतःच्या नावाचे खाते आहे का, की सगळे मिळून एकच ॲडमिन खाते वापरतात? त्या खात्यांना हार्डवेअर सुरक्षा कळ (लॉगिनच्या वेळी जोडायचे छोटे उपकरण) लागते का? त्यांच्यातला एखादा माणूस नोकरी सोडून गेला, तर आमच्या यंत्रणेतला त्याचा प्रवेश किती वेळात बंद होतो? उत्तर माहितीपत्रकातून घेऊ नका, पडद्यावर दाखवायला सांगा. ज्याची शिस्त चांगली असते तो हे आनंदाने दाखवतो, आणि जो चाचरतो त्याच्या चाचरण्यातच तुम्हाला हवे ते उत्तर मिळते.

यानंतरचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि प्रस्तावांत तो नेहमी एखाद्या तांत्रिक तक्त्यात दडलेला असतो : वापरकर्त्यांची यादी कोणाकडे राहणार? काही पुरवठादार आपल्या यंत्रणेतच तुमच्या 200 लोकांची खाती उघडतात. इतरांची यंत्रणा दर लॉगिनच्या वेळी तुमच्या कंपनीच्या डिरेक्टरीला (कर्मचाऱ्यांच्या खात्यांच्या मध्यवर्ती यादीला) विचारते, की हा माणूस तुमचाच आहे ना आणि त्याला आत घ्यायचे ना. त्यासाठी सॅमल किंवा ओपनआयडी कनेक्ट ही सर्वमान्य पद्धत वापरली जाते. तुम्ही दुसऱ्या पद्धतीचाच आग्रह धरा.

हा फरक एका प्रसंगातून दिसतो. शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच वाजता एका कर्मचाऱ्याला तडकाफडकी कामावरून कमी केले जाते. मनुष्यबळ विभाग तुम्हाला फोन करतो. यादी पुरवठादाराकडे असेल, तर तुम्ही तिकीट (कामाची नोंदवलेली मागणी) टाकता, ते 'वापरकर्ता काढणे' या नेहमीच्या प्रकारात नोंदले जाते आणि त्या प्रकारासाठी करारात कामकाजाचा पुढचा एक दिवस एवढी मुदत असते. कराराप्रमाणे पुरवठादाराची काहीच चूक होत नाही, पण दुखावलेल्या माणसाला शनिवार आणि रविवार हे दोन दिवस कंपनीच्या फाइल मोकळ्या मिळतात. यादी तुमच्या डिरेक्टरीत असेल, तर तुम्ही खाते बंद करता आणि त्या क्षणापासून त्याला नवे लॉगिन मिळत नाही.

इथेच थांबू नका. खाते बंद केल्याने नवे लॉगिन थांबते, पण दुपारीच सुरू झालेले त्याचे सत्र कायम राहू शकते, कारण अनेक यंत्रणा एकदा ओळख पटवली की ठरलेली मुदत संपेपर्यंत पुन्हा विचारत नाहीत आणि ही मुदत कित्येकदा आठ ते बारा तासांची असते. म्हणून चालू सत्र तोडण्याचा अधिकार तुम्हा दोघांना हवा. पुरवठादाराच्या संपूर्ण यंत्रणेचे ॲडमिन होण्याची गरज नाही. तुमच्या कंपनीची चालू सत्रे दिसावीत आणि ती तोडता यावीत, एवढी मर्यादित परवानगी पुरे. चाचणीच्या काळात हे घड्याळ लावून करून पाहा. एकाने घरून लॉगिन करून एखादी मोठी फाइल उतरवायला घ्यावी, दुसऱ्याने खाते बंद करून सत्र तोडावे आणि फाइल किती वेळात थांबते ते मोजावे. ते काही मिनिटांत झाले नाही, तर बाकीचा प्रस्ताव वाचण्याची घाई नाही.

याच ओघात हेल्पडेस्कचा विषय येतो. प्रस्तावात तो सोयीचा वाटतो आणि मला मात्र तोच सर्वांत नाजूक वाटतो. पासवर्डनंतरची दुसऱ्या पायरीची पडताळणी कितीही भक्कम असली तरी कोणीतरी फोन करून "माझा मोबाइल हरवला, पडताळणी नव्याने चालू करून द्या" म्हणतो आणि समोरचा ते करून देतो, तेव्हा तिची सगळी ताकद त्या एका फोनवर येऊन ठेपते. तुमचा माणूस आवाजावरून सहकाऱ्याला ओळखतो. पुरवठादाराच्या हेल्पडेस्कवरील व्यक्ती दिवसभरात वेगवेगळ्या कंपन्यांच्या अनोळखी लोकांशी बोलत असते आणि तिकिटे लवकर मिटवणे हेच तिच्या कामाचे माप असते. म्हणून अशी नवी पडताळणी देण्याचे काम कार्यालयीन वेळेत तुमच्याकडेच ठेवा. रात्री ते पुरवठादाराने करायचे असेल, तर आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर उलट फोन करून आणि त्या कर्मचाऱ्याच्या वरिष्ठाची संमती घेऊनच करावे. ॲडमिन खात्यांच्या बाबतीत त्यांना हा अधिकार कधीही देऊ नका. पडताळणीचा प्रकारही विचारून निवडा. सप्टेंबर 2022 मध्ये उबरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने एका कंत्राटदाराच्या मोबाइलवर मंजुरीच्या विनंत्यांचा भडिमार केला आणि अखेर त्या कंत्राटदाराने एक विनंती मान्य केली. नुसते 'होय' दाबण्याच्या पद्धतीपेक्षा पडद्यावरचा आकडा मोबाइलवर टाकण्याची पद्धत बरी, आणि सुरक्षा कळ किंवा पासकी (मोबाइल वा लॅपटॉपमध्ये साठवलेली, पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल कळ) त्याहूनही बरी.

कोण, कधी, कुठून आले आणि कशाला हात लावला, याच्या लॉग नोंदींची प्रत जवळपास त्याच वेळी तुमच्या साठवणीत आली पाहिजे आणि ती निदान वर्षभर टिकली पाहिजे. घुसखोरीचा संशय आल्यावर पुरवठादाराकडे नोंदी मागायची वेळ आली, तर ज्याच्या कामाबद्दल शंका आहे त्याच्याच वहीवर विसंबल्यासारखे होते.

कराराबद्दल. "99.9 टक्के उपलब्धता" असे प्रस्तावात लिहिलेले असेलच. याचा अर्थ 30 दिवसांच्या महिन्यात यंत्रणा सुमारे 43 मिनिटे बंद राहिली तरी करार पाळला गेला असे मानले जाते. हाच आकडा 99.5 टक्के असेल तर 3 तास 36 मिनिटे. आकड्याच्या खालच्या बारीक ओळी त्याहून महत्त्वाच्या असतात, कारण पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल त्यातून वगळलेली असते आणि कधीकधी इंटरनेट कंपनीच्या बिघाडाचा वेळही. त्याचप्रमाणे "15 मिनिटांत प्रतिसाद" म्हणजे 15 मिनिटांत कोणीतरी तिकीट पाहील एवढेच. दुरुस्ती केव्हा होईल याबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही. वचन मोडल्यावर मिळणारी भरपाई बहुधा मासिक शुल्कातल्या सवलतीपुरती असते आणि 200 लोकांच्या वाया गेलेल्या दिवसापुढे ती नगण्य ठरते. म्हणून वाटाघाटीतला तुमचा जोर भरपाईवर खर्च करू नका. तो दोन कलमांवर लावा. ज्या दोषाचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला आहे त्यावर 48 तासांत पॅच लागेल, आणि पॅचच उपलब्ध नसेल तर तेवढी सेवा बंद करून तुम्हाला कळवले जाईल, हे एक. पुरवठादाराच्या स्वतःच्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचा संशय आला, तरी तो ठरावीक तासांत तुम्हाला सांगेल, हे दुसरे. इथे 'खात्री झाल्यावर' हे शब्द मान्य करू नका. ऑक्टा या ओळख-सेवा देणाऱ्या कंपनीच्या बाबतीत जानेवारी 2022 मध्ये तिच्या ग्राहक-सहाय्याचे काम करणाऱ्या एका उपकंत्राटदाराच्या यंत्रणेतून हल्लेखोर आत आले आणि ग्राहकांना ते मार्चमध्ये कळले. त्यामुळे उपकंत्राटदार कोण आहेत, त्यांची नावेही करारात मागा.

सोडून जाण्याची वाटही आजच ठरवा. ज्या नावाने कर्मचारी व्हीपीएनला जोडले जातात ते नाव तुमच्या स्वतःच्या डोमेनखाली असू द्या, म्हणजे उद्या पुरवठादार बदलला तर ते नाव नव्या पत्त्याकडे वळवता येईल आणि 200 लॅपटॉपना एकेक करून हात लावावा लागणार नाही. यंत्रणेची ओळख पटवणारी डिजिटल प्रमाणपत्रे तुमच्या नावावर हवीत आणि नियमांची, म्हणजे कोणता गट कोणत्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकतो याची, वाचता येईल अशी प्रत दर महिन्याला तुमच्याकडे यायला हवी. याखेरीज तुम्हा दोघांसाठी एक छोटी वेगळी वाट ठेवा, जी पुरवठादाराच्या यंत्रणेवर अजिबात अवलंबून नसेल : वेगळी इंटरनेट जोडणी, वेगळी खाती, एरवी बंद आणि दर तिमाहीला चालवून पाहिलेली. 4 ऑक्टोबर 2021 रोजी फेसबुक सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा त्यांच्या अभियंत्यांची दुरुस्तीची साधनेही त्याच कोसळलेल्या जाळ्यावर अवलंबून होती आणि माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते, तर तुम्ही ही तजवीज अवश्य करावी.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही, कारण तो हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल. एकच सुचवतो : शुल्काची तुलना नुसत्या नव्या उपकरणाच्या किमतीशी करू नका. लायसन्स, तुमचे तास आणि रात्रीचे फोन हे सगळे त्यात धरा, आणि बाहेर दिल्यानंतरही तुमच्यापैकी एकाचा आठवड्यातला निदान अर्धा दिवस पुरवठादाराच्या कामावर लक्ष ठेवण्यात जाईल, तोही धरा. काम बाहेर गेले की मनुष्यबळ कमी करता येईल असे संचालकांना वाटत असेल, तर तो समज आताच दूर करा.

दर माणशी आहे म्हणून आधी हेही पाहा, की व्हीपीएनची गरज खरोखर किती जणांना आहे. जुन्या उपकरणाच्या गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढा आणि कोण कोणत्या सर्व्हरपर्यंत गेले ते पाहा. ज्यांचे सारे काम ईमेल आणि क्लाउडमधल्या कागदपत्रांवर चालते, त्यांना आतल्या नेटवर्कमध्ये आणण्याचे काहीच कारण नाही. ज्यांना एकच हिशेबाचा प्रोग्राम लागतो, त्यांना तेवढ्याच प्रोग्रामपर्यंत पोहोचवणारी सेवा आता मिळते. 'झीरो ट्रस्ट' या नावाने आज बरेच काही विकले जाते, पण त्यामागचा विचार चांगला आहे : माणूस नेटवर्कच्या आत आहे एवढ्यावरून त्याच्यावर विश्वास टाकू नये. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट 2020 मध्ये त्यावर 800-207 क्रमांकाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. ते कोणालाही विनामूल्य वाचता येते आणि पुरवठादाराशी बोलण्यापूर्वी त्याची सुरुवातीची पाने जरूर वाचा.

राहिले यंत्रे पुरवणाऱ्या कंपन्यांचे तंत्रज्ञ. तुमच्या पत्राच्या शेवटी आलेले हे वाक्य मला सर्वांत जास्त काळजीचे वाटले. 2013 मध्ये टार्गेट या अमेरिकी दुकान-साखळीत चोर शिरले ते शीतकरणाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून चोरलेल्या लॉगिनवरून, आणि सुमारे 4 कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती गेली. बाहेरच्या तंत्रज्ञांना कर्मचाऱ्यांच्या व्हीपीएनमध्ये ठेवू नका. त्यांच्यासाठी वेगळी सोय करा, जिच्यात प्रवेश एरवी बंद असेल, मागणी आल्यावर ठरावीक तासांपुरता उघडेल, एकाच यंत्रापर्यंत पोहोचेल आणि सारे सत्र ध्वनिचित्रमुद्रित होईल. ती मागणी मंजूर करण्याचे काम पुरवठादाराला देऊ नका. ज्या विभागाचे यंत्र आहे त्या विभागप्रमुखाने ते करावे, कारण यंत्र खरोखर बिघडले आहे की नाही हे त्यालाच माहीत असते. यासाठी नव्या कराराची वाट पाहायची गरज नाही. सध्याच्या उपकरणावर अशा तंत्रज्ञांची किती खाती आहेत ती यादी या आठवड्यातच काढा, ज्यांची ओळख कोणालाच पटत नाही ती बंद करा आणि उरलेल्यांचे पासवर्ड बदला.

मुदत पुढच्या वर्षाची आहे, म्हणजे चाचणीला वेळ आहे. वीसेक लोकांना महिनाभर नव्या यंत्रणेवर ठेवा. त्यांत सतत प्रवास करणारा एक, घरी कमकुवत इंटरनेट असलेला एक आणि रात्रपाळीचा एक असा हवाच, कारण हेल्पडेस्कची खरी परीक्षा रात्री दोन वाजताच होते. त्या महिन्यात पुरवठादाराला न सांगता एकदा बनावट फोन करवून पडताळणी बदलून मिळते का तेही पाहा; करारात अशा तपासणीची परवानगी आधी लिहून घ्या. सगळे लोक नव्या यंत्रणेवर गेले, की जुने उपकरण 'असू द्या, कधी लागले तर' म्हणून चालू ठेवू नका. त्यातली खाती आणि प्रमाणपत्रे रद्द करा, त्याच्यासाठी फायरवॉलमध्ये उघडलेली दारे बंद करा आणि मगच ते कपाटात ठेवा. पुरवठादाराची लेखी उत्तरे आली आणि त्यांतले एखादे कलम अडले, तर सही करण्यापूर्वी जरूर पुन्हा लिहा.